काकूसाठी वाढलेलं ताट

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी शनिवारी चूल पेटवली की तू दारात बसलेली दिसतेस, विहिरीकडच्या वाटेवर डोळे लावून. मी तिकडे पाठ करून भाकरी थापते.

आपल्या ख्रिस्ती मंडळीत रीतच होती. ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्याला प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी घरी जेवायला बोलवायचं, मगच रविवारी मेजापाशी जायचं. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षीचा तो शनिवार. चार महिन्यांपूर्वी, माझ्या वडलांना, बापूंना, माती दिली त्या दिवशी, काकू सगळ्यांदेखत म्हणाली होती की तुझी प्रार्थना कमी पडली म्हणून ते गेले. तू वाकून मूठभर माती टाकलीस. मी सोळा वर्षांची, माझ्या अंगाची लाही लाही झाली. आणि आता तूच केळापूरच्या वांग्यांची भाजी करतेस, दोन ताटं मांडतेस अन् मला म्हणतेस, "जाय, काकूले बलाव. म्हनावं, मनात काही ठेवलं नाही म्या."

"तिनं पहिले यावं. आपन काहून?"

"कोनी तं पहिले उठलं पाह्यजे नं, पोरी."

तुझ्या चांगुलपणाचाच मला संताप आला. मी वाटेतल्या विहिरीपर्यंतच गेले, थोडा वेळ बसले आणि परत येऊन सांगितलं, "नाही येत म्हनते." तू भाकरीवर फडकं झाकलंस.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनात भाकरी न घेताच तू तबक पुढे सरकवलंस. पुढल्या खेपेलाही तेच. समेट झाल्याशिवाय घ्यायचं नाही, हा तुझा हट्ट. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, पण जीभ उचलायची नाही. मग तापानं तुला नेलं, तशीच, मेजापासून दूर.

तुला आंघोळ घालताना काकू रडत होती, "एक डाव बलावलं असतं तं धावत आली असती वो बाई!" मी पाणी ओतत होते. त्याच काकूनं मला घरी नेलं, स्वतःच्या लेकीआधी माझं लग्न लावलं. तिच्या हातचा घास अजून तोंडात फिरतो.

परवा तिनं विचारलं, "तुह्या मायनं मले कायले नसन बलावलं?"

मी म्हणाले, "तिचा राग लय होता."

"जाऊ दे. म्या तं तिले कवाच माफ केलं."

तुला माफ केलं तिनं, माय. मी मान हलवली.

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तुलाच लिहितेय. काकूला येतं.