माजी सैनिकांचा समुपदेशक

३ फेब्रुवारी, सोमवार
उस्मानपुऱ्यातल्या माजी सैनिक केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू. दोन वर्षांत ट्रॉमा स्पेशालिस्ट, पाच वर्षांत स्वतःचं इन्स्टिट्यूट. पहिला क्लायंट देवगाव रंगारीचे निवृत्त हवालदार कडुबा. तासभर गप्प. माझं बोलणं आत झिरपत असणार.

१० फेब्रुवारी
कडुबा पुन्हा गप्प. झोप येत नाही, एवढंच म्हणाले. मी झोपेचं शास्त्र पाऊण तास समजावलं. बाहेर मात्र फॉर्म भरून देणाऱ्या मुख्तारभाईंशी अर्धा तास बोलत बसले. मुख्तारभाई लष्करातले निवृत्त नायक, डिग्री काहीच नाही.

१७ फेब्रुवारी
ब्रेकथ्रू! कडुबा आज शांत, हसरे. म्हणाले, सगळं मार्गी लावलं. मेडलं पुतण्याला दिली, कुत्रा शेजाऱ्याला. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं. घ्यायचं नसतं, पण मन मोडवेना. फाइलमध्ये लिहिलं, ‘लक्षणीय सुधारणा’. सीनियर वैदेही मॅडमना उद्या सांगेन.

२० फेब्रुवारी, सकाळी ११
मॅडमना सांगायचं राहिलंच. आत्ता कडुबांच्या बायकोचा, सुभद्राबाईंचा फोन. मालक पहाटेच्या बसनं गेले, मोबाइल घरीच. काल घराचे कागद कुठं ठेवलेत ते दाखवलं. मी म्हटलं, काळजी नको, प्रगती छान आहे. मुख्तारभाईंनी ऐकलं. माझ्या टेबलावरच्या घड्याळाचं विचारलं. मी सांगताच त्यांचा चेहरा उतरला. गाडीची किल्ली उचलून म्हणाले, “देवगावची बस स्टँडवर येते. चला सर, जल्दी!” हे गाडीत लिहितोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
कडुबा स्टँडवरच सापडले, पैठणच्या बसच्या फलाटावर बसले होते. मी समजावायला सुरुवात केली. ते उठून बसकडं निघाले. मुख्तारभाईंनी मला हातानं गप्प केलं, त्यांना शेजारी बसवलं आणि सरळ विचारलं, “कडुबा, जीव द्यायचा विचार हाय का?”
कडुबा म्हणाले, “व्हय.”
पैठणची बस निघून गेली. दोघं तिथंच बसून राहिले. मुख्तारभाई फक्त ऐकत होते. दुपारी आम्ही कडुबांना दवाखान्यात नेलं, सुभद्राबाईंना बोलावून घेतलं. मुख्तारभाईंचा तो प्रश्न माझ्या पुस्तकात होता. पिवळ्या हायलायटरनं रंगवलेला.

६ मार्च
कडुबा केंद्रात आले. औषधं चालू आहेत, थोडी झोप लागते. घड्याळ परत केलं. धीर करून विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, “सर, तुम्ही लई चांगलं बोलता. मधी शिरायला जागाच घावली नाय.”
वैदेही मॅडमनी माझ्या नोंदी वाचल्या. अकरा पानं. त्यात कडुबांची वाक्यं चार. त्यांचा हुकूम: तीन महिने मी मॅडमच्या सेशनमध्ये नुसतं बसायचं. तोंड बंद.
अवघड काय त्यात? घरी सराव सुरू केला. दहा मिनिटं मौन. चौथ्या मिनिटाला उठून आत गेलो, बायकोला सांगायला, की मला हे किती छान जमतंय.