टॉवरवर रोखलेला अँटेना

तीर्थरूप बाबा, इथूनच वाकून नमस्कार.

खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. म्हणजे, बहुतेक दिवशी होतं. आईला पहिलंच वाक्य वाचून दाखवा.

सध्या कॉम्प्युटरवर अँटेना बनवतेय. एका रेषेत दोन दांड्या, मध्ये जराशी फट, तिथून सिग्नल द्यायचा. हिशेबाने घेतलेली लांबी सॉफ्टवेअरला जास्त वाटली. थोडी थोडी कापत काल जमवली, तर आमचे साहेब म्हणाले, "नशिबाने जमलं!" मग आज सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. पुन्हा जमलं.

लहरी कुठे जातात तेही पडद्यावर दिसतं. दांड्यांभोवती सायकलच्या फुगलेल्या ट्यूबसारख्या पसरतात, टोकांच्या दिशेला काहीच नाही. ऐकतानाही अँटेना टोकांकडून बहिराच. मी कपाळावर हात मारला. गच्चीवरचा आपला असाच दोन दांड्यांचा अँटेना आपण दोघांनी बंदुकीसारखा रेडिओ केंद्राच्या टॉवरवर रोखून बांधलाय, आणि खरखर झाली की तुम्ही बिचाऱ्या रेडिओला चापट्या मारता!

तो काटकोनात फिरवायला हवा. तुम्ही चढू नका, दादाला चढवा. गुडघा कसा आहे? खरं सांगा.

आवाज स्वच्छ आला तर कळवा. नाही आला तरी कळवा, मी पुन्हा मांडेन.

तुमची हट्टी,
भिंगरी