पाचव्या दिवसापर्यंत

३ फेब्रुवारी
टेस्ट-ट्यूब बाळाच्या तिसऱ्या खेपेची तयारी. पण आज डॉक्टरीणबाईंनी माझी फाईल बाजूला ठेवली, नवऱ्याची उघडली. "संख्या छान, वेग छान, म्हणून इतकी वर्षं कुणी खोलात गेलं नाही." नव्या तपासणीत शुक्राणूंच्या आतला डीएनएच तुटका निघाला — शंभरात एक्केचाळीस. दोन्ही वेळा आमचे गर्भ लॅबमध्ये तिसऱ्या दिवशी वाढायचे थांबले, ते बहुधा त्यामुळेच.
आणि आठ वर्षं सुया मी टोचून घेतल्या.
येताना त्याने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बिघाड नीट कळल्याशिवाय तोंड उघडत नाही.

८ फेब्रुवारी
नणंद जेवायला आली होती. सासूबाईंचं नेहमीचं सुरू — "हिच्या अंगात काही धरतच नाही." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठत होते. त्याने मला हाताने खाली बसवलं. भाजी वाढून घेतली आणि म्हणाला, "आई, दोष माझ्यात आहे. रिपोर्ट आणू का?"
नणंदेचा घास हातातच राहिला.
"आठ वर्षं हिने ऐकून घेतलं. आता काय बोलायचं ते मला बोल."
सासूबाई उठून आत गेल्या. तो शांतपणे जेवत राहिला. कान मात्र लालबुंद. माझा नवरा!

९ फेब्रुवारी
दुकानात चष्म्याच्या काचा घासताना उगाच हसू येत होतं. मालक म्हणाले, लॉटरी लागली का? हो म्हटलं.

२७ फेब्रुवारी
नऊ अंडी निघाली.
लॅबवाल्या बाईंनी बोटभर लांबीची एक पट्टी दाखवली. आत केसाहून बारीक वाटा. मागच्या वेळी त्याचा वीर्याचा नमुना यंत्रात गरगर फिरवला होता. आता शुक्राणूंनी स्वतः पोहत पलीकडे जायचं. पोचतील त्यांतूनच निवडून एकेका अंड्यात एकेक सोडणार. "तुटके बहुतेक मागे राहतात. बहुतेक, हं. खात्री देत नाही."
त्याने पट्टी उजेडात धरली. "म्हणजे माझी परीक्षा."
"तुमची झाली. आता त्यांची," बाई म्हणाल्या.

४ मार्च
सकाळीच लॅबचा फोन. सात अंडी फळली होती. तिसऱ्या दिवशी सातही चालू होती — मला मुद्दाम कळवलं नव्हतं. आज तीन गर्भ पाचव्या दिवसाला पोचले! त्यांतला एक "अगदी देखणा." पेशी भरगच्च, एकसारख्या. शाळेचा निकाल असता तर गल्लीभर सांगत फिरले असते.
तो तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात होता. फोनवर ऐकून असा ओरडला म्हणे, की वरच्या मजल्यावरची माणसं अपघात झाला समजून धावत आली.
दुपारी तो देखणा माझ्या पोटात सोडला.

१६ मार्च
रक्ततपासणी. आहे.
त्याने कागद चारदा वाचून पाचव्यांदा माझ्याकडून वाचून घेतला. सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

१८ मार्च
तो कामावर गेल्यावर सासूबाई जवळ येऊन बसल्या.
"त्याच्या बाबांना असं बोलता आलं नाही. दोष त्यांचा होता, बोलणी मी खाल्ली. नऊ वर्षं. शेवटी डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाचं तरी बीज वापरलं. कुणाचं ते आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही."
"आई, त्याला माहीत आहे?"
"नाही." मग उठता उठता, "त्या दिवशी तो जेवताना बोलला ना, तेव्हापासून मनात येतंय — ही हिंमत ह्याने कुणाची घेतली असेल?"
ही वही आजपासून कुलपात.