झालंच समजा

चाचा, इतक्या वर्षांनी लिहितोय, माफ करा. आता घरात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून तुम्ही आठवता, हेही काही बरं नाही.

जालन्याच्या त्या बियाणे कंपनीत तुम्ही गोदामांचे मॅनेजर, मी नववी नापास मुकादम. शेठनी गोदामांचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचं ठरवलं, काम तुमच्या गळ्यात घातलं आणि तुम्ही माझ्या. "चाचा, मला तर ते चालूबी करता येत न्हाई." तुम्ही हसलात. "तेरे को चलाना नहीं उस्ताद, दूसरों से चलवाना है." मग औरंगाबादहून आलेली प्रोग्रॅमवाली पोरं, वायरमन, कारकून, सगळ्यांमागे मी फिरायचो आणि कुणाचं काम कुणामुळे अडलंय ते संध्याकाळी तुम्हाला सांगायचो. पाडव्याला पूजा करून मशीन सुरू करायचं होतं. आदल्या दिवशी वायरमन म्हणाला, "झालंच समजा." पोरं म्हणाली, "होत आलंय." मी येऊन सांगितलं, समदं झालं. तुम्ही चप्पल घातली आणि मला तिसऱ्या गोदामात नेलं. भिंतीला भोक आहे, वायर नाही. वायरमन पोत्यावर बसून तंबाखू मळतोय. "झालंच समजा म्हणे! कौन समजे? जाके देखा?" एवढंच बोललात, पण माझे कान तापले. शेठपुढे मात्र माझं नाव घेतलं नाहीत. "पाडवा काय तुमच्या वायरसाठी थांबणार का?" शेठ सगळ्यांसमोर ओरडले. "नहीं रुकेगा, शेठ. पर काम नहीं हुआ." बाहेर आल्यावर तुमच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवलात. त्यानंतर कुणी 'झालंच समजा' म्हटलं की मी उठून बघायला जायचो. काम शिकलो ते असं.

माझा मुलगा आता पुण्यात हेच दुसऱ्यांकडून करवून घ्यायचं काम करतो, मोठ्या कंपनीत. त्याची आई गेल्यापासून दर सणाला फोन येतो, "बाबा, आलोच समजा." दिवाळीला म्हणाला, संक्रांतीला म्हणाला. काल पुन्हा, "पाडव्याला आलोच समजा." तुमच्या हिशेबानं हे काम झालेलं नाही, मला बराबर कळतं. तुम्ही असता तर चप्पल घालून निघाला असता. पण चाचा, गोदामात जाऊन बघणं वेगळं. न सांगता पोराच्या दारात उभा राहिलो आणि मी नकोसा आहे हे त्याच्या तोंडावर दिसलं, तर ते बघून मी काय करू? सकाळपासून पिशवी भरतोय आणि रिकामी करतोय.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकणार कुठं, उशीखालीच राहील. तुमच्यापासून एक लपवत नाही. दूधवाल्याला पाडव्यापासून अर्धा लिटर जास्त सांगून ठेवलंय. "पोरगं यिऊन राह्यलं काय?" त्यानं विचारलं. "आलंच समज," मी म्हणालो.

जाऊन बघू का थांबू, चाचा? जल्दी कळवा.