शैलीचा दोष, दुसरं काही नाही

३ फेब्रुवारी १९७५, सोमवार
अकलूजच्या मेहुण्याकडून विज्ञानकादंबरी आणली. वाचनालयातल्या प्रतीची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलीत. माझी प्रत अख्खी. एक यंत्र शहर चालवतं आणि नको ती माणसं नाहीशी करतं, एवढीच गोष्ट. भाषा बाळबोध. उद्यापर्यंत फडशा पाडीन.

५ फेब्रुवारी
निम्मी झाली. वाक्यं तुटकी, विशेषण औषधालाही नाही. सूर्य मावळला तर नुसता ‘मावळला’. यंत्र मात्र फार अदबीनं बोलतं. माणूस नाहीसा करण्याआधी ‘कृपया उभे राहा’ म्हणतं. हे ‘कृपया’ फार झालंय. शैलीचा दोष. त्यामुळे झोप लागली नाही.

७ फेब्रुवारी
यंत्राला हुकूम मिळतात ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. आमच्या कारखान्यातही मागावर तसलीच कार्डं फिरतात आणि चादरीवर मोर उमटतात. इतकी वर्षं मी त्या मागांसमोरून ऑफिसात जातो. आज गोदामाकडून वळसा घातला. तेवढाच व्यायाम.

९ फेब्रुवारी, रविवार
वाचनालयाचे मडिवाळप्पा घरी आले. पुढच्या रविवारी या कादंबरीवर तुमीच बोला की, म्हणाले. किती वर्षं वाट पाहिली या आमंत्रणाची! अखेर माझी समीक्षादृष्टी लोकांना कळली. लगेच हो म्हटलं. फक्त शेवटचं प्रकरण राहिलंय. उद्या सकाळी, चांगल्या उजेडात.

१० फेब्रुवारी
सकाळी दाढी केली. राहिलं.

१२ फेब्रुवारी
प्रकरण उघडलं. पहिलंच वाक्य : ‘कृपया मागे पाहू नका.’ मिटलं. ही काय सुरुवात झाली? बायको गौरम्मा म्हणाली, भ्या वाटतंय तर ठेवून द्या की. तिला सांगितलं, भीती नव्हे, शैलीबद्दल मूलभूत मतभेद. मग तिच्याबरोबर पिठाच्या गिरणीत गेलो. घरात एकटा कशाला बसू? तिलाही मदत.

१५ फेब्रुवारी
पॉइंट्स तयार. शेवट न वाचता समीक्षा करता येते. उलट मन निर्मळ राहतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
वाचनालय भरलेलं. माणसं दारात उभी. तुटक वाक्यांवर बराच वेळ बोललो. कुणी जांभई दिली नाही. सगळे कशाची तरी वाट पाहत होते. मग बांगड्यांच्या दुकानाच्या दानम्माबाई उठल्या. म्हणाल्या, ते भाषेचं ऱ्हाऊ द्या हो. ते यंत्र शेवटी थांबतं का न्हाय, तेवढं सांगा. आमी सगळे फाटकी प्रत वाचून बसलोय, झोप न्हाय. सभेनं माना डोलावल्या. म्हणजे मला बोलावलं ते एवढ्यासाठी.

थांबतं, म्हणालो.

भाषणाला मिळाल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या. मडिवाळप्पांनी माझे हात धरले. लोक हसत घरी गेले.

मला मात्र भीती वाटत होती. ही डायरी कुणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. घरी आल्या आल्या गौरम्माला म्हटलं, शेवटचं पान तू वाच, आणि यंत्र थांबतं का एवढंच सांग. तिनं स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. पुस्तक मिटलं. खिडकी लावून घेतली. येऊन मला अगदी चिकटून बसली.

पुन्हा विचारलं.

म्हणाली, लिवलंय मातर लई चांगलं.