नाना, रीडिंग बरोबर होतं

प्रिय नाना,

मासे गेले. सगळे, अकराच्या अकरा. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं आणि आई सांगणार नाही. दिवा लावताना ती रोज तुमच्या फोटोशी बोलते, पण माझी चुगली करायची नाही असं तिने ठरवलेलं दिसतंय. म्हणून मीच लिहिते. दोन महिने टाळलं. आज सुट्टी आहे, दिवसभर हौद उपसलाय, हाताला केळीचा चीक लागलाय आणि साबणाने जात नाहीये. अक्षराला नावं ठेवू नका.

हौद म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. तळं म्हणायचं! डोकमर्डीतल्या आपल्या घरामागे आठ बाय सहाचा सिमेंटचा खड्डा, आणि त्याचा तोरा केवढा. गलोंड्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटरकी करून रिटायर झालात, त्यानंतर पहिल्याच आठवड्यात फावडं हातात घेतलंत. आई म्हणाली, आता तरी बसा. तुम्ही म्हणालात, बसायला जागाच करतोय.

मी तेव्हा कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते, म्हणजे मला सगळं येत होतं. नव्या सिमेंटमधून पाण्यात चुना उतरतो, पीएच सातच्या खूप वर जातो, मासे जगत नाहीत, हे मी तुम्हाला वहीत आकृती काढून समजावलं होतं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि खानवेलच्या काशिनाथकाकांना फोन लावलात. तुमच्या खात्यातले जुने हेल्पर. ते बसच्या टपावर केळीचे खांब टाकून हजर! तुम्ही दोघांनी ते कोयत्याने तोडून पाण्यात टाकले, कुजता कुजता चुना खातील म्हणून. आठ दिवसांत पाणी काळं झालं, सगळ्या गल्लीत वास. उपसलं, पुन्हा खांब, पुन्हा पाणी. असं तीनदा. आईने नाकाला पदर लावून तुमच्या साती पिढ्यांचा उद्धार केला.

मी म्हणाले होते, "नाना, हे काय गावठी! थोडं ॲसिड टाकलं की दहा मिनिटांत सात."

तुम्ही म्हणालात, "दहा मिनिटांनी काय होईल ते नको सांगू. उद्या सकाळी काय होईल ते सांग."

मी हसले होते. आठवतंय ना? मला तर हल्ली तेवढंच आठवतं.

पुढे मला कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्लांटवर नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून मी तुम्हाला खिशात मावणारा पीएच मीटर आणून दिला. तुम्ही तो पेनासारखा शर्टाला लावून फिरायचात. सकाळ-संध्याकाळ तळ्यापाशी बसायचात, पण मीटर काढण्याआधी पाण्यात हात घालायचात आणि चुन्याचा बुळबुळीतपणा लागतो का ते बघायला बोटं एकमेकांवर चोळायचात. आधी हात, मग मीटर. आईलाही तीच सवय लावलीत. आणि तो मोठा रोहू! खाणं टाकलं की सगळे धावत यायचे, तो मात्र सगळ्यांच्या शेवटी, सावकाश. म्हणून तुम्ही त्याचं नाव ठेवलंत शेठ.

आता त्या सकाळचं लिहिते. लिहायलाच हवं.

मी बूट घालत होते. कंपनीची बस नाक्यावर यायला दहा मिनिटं होती. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "वंदे, छातीवर कोणी बसेल शे असं वाटस." मी बूट तसेच ठेवून मशीन आणलं, तुमच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी अगदी पाठ्यपुस्तकातलं. मी म्हणाले, "नॉर्मल आहे नाना, गॅस असेल." पट्टा सोडवताना तुम्ही हसलात. "मशीन म्हनी ऱ्हायनं ना, मंग ठीक शे." मी बस पकडली.

अकरा वाजता आईचा फोन आला. तुम्ही तळ्याच्या काठावर पडला होतात, माशांच्या खाण्याचा वाडगा बाजूला. दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

का ऐकलंत माझं? केळीच्या खांबांवरून माझ्याशी आठ दिवस भांडलात, एक इंच मागे हटला नाहीत. स्वतःच्या छातीसाठी एकदासुद्धा नाही? "मशीनला काय कळतं, चल दवाखान्यात" एवढं म्हणायला काय झालं होतं? माशांसाठी मी गावठी म्हटलेलं चाललं, आणि तुमच्यासाठी मी एकदम शहाणी झाले? मला तुमचा फार राग येतो नाना. मग माझा येतो. मग ड्युटीची वेळ होते.

तुमचे दिवस झाले आणि तळं गळायला लागलं. रोज वीतभर पाणी उतरायचं. आई बादल्या भरभरून टाकायची. त्या दिवसांत ती नीट जेवत नव्हती, बोलत नव्हती, पण पहाटे उठून माशांना खाणं घालायची. तेवढ्यासाठीच उठायची. म्हणून मी गवंडी बोलावला, आतून पूर्ण नवं प्लास्टर करून घेतलं आणि मासे निळ्या ड्रमात ठेवले. उन्हाने ड्रम तापायचा, मासे वर येऊन तोंडं उघडायचे. चौथ्या दिवशी एकाची शेपटी पांढरी पडायला लागली. आई ड्रमापाशी बसून माझ्याकडे बघायची. खांब, तीन आठवडे, काळं पाणी, एवढा वेळ कुठे होता? तुमचा एक मासा जरी ड्रमात मेला असता तरी आई पुन्हा अंथरुणाला खिळली असती, असं मला वाटत होतं.

म्हणून मी प्लांटवर रोज करते तेच केलं. तळं भरलं. मीटरवर दहाच्या वर. लॅबमधून बाटलीत ॲसिड आणलं, पाण्यात मिसळून थोडं थोडं सोडत गेले, ढवळत गेले. संध्याकाळी सात पॉइंट तीन. एवढं सुरेख रीडिंग मला प्लांटवरही क्वचित मिळतं. आईने पाण्यात हात घातला, बोटं चोळली आणि म्हणाली, "वंदे, पाणी अजून बुळबुळं लागस वं."

मी तिच्यासमोर मीटर धरला. "आई, हे बघ ना. सात पॉइंट तीन." तिने मीटरकडे पाहिलं, मग हात पदराला पुसला आणि मासे सोडायला लागली.

आमच्या प्लांटवर पाणी रीडिंग दाखवतं आणि पुढे नाल्याला लागतं. मी सही करते, माझं काम संपतं. दुसऱ्या दिवशी त्याचं काय होतं ते मी सहा वर्षांत कधी विचारलं नाही, विचारायची गरजच पडली नाही. इथलं पाणी तर इथेच राहणार होतं. ॲसिडने पाण्यात उतरला होता तेवढाच चुना मारला, आणि भिंत रात्रभर नवा सोडत राहिली.

सकाळी सगळे उताणे. पांढरी पोटं वर. मीटर म्हणत होता नऊ पॉइंट नऊ. फक्त शेठच्या तोंडाची उघडझाप चालू होती. आईने त्याला बादलीत घेतलं, ड्रममधलं जुनं पाणी घातलं आणि मांडीशी बादली धरून बसली. आणि मी? तुमच्या मुलीने घड्याळ पाहिलं आणि ती ड्युटीवर गेली. त्याही दिवशी. परत आले तेव्हा बादली रिकामी होती. जांभळाखाली माती उकरलेली दिसली, मी विचारलं नाही.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ताट वाढता वाढता एवढंच म्हणाली, "त्या दिनबी तू मशीनच देखं व्हतं."

नाना, मला वाटत होतं की तिला ते माहीत नाही. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिने सगळं ऐकलं होतं. इतके दिवस गप्प राहिली होती माझी माय.

मग मी खानवेलला गेले. काशिनाथकाका आता घरीच असतात, गुडघे गेलेत. मी ॲसिडचं सांगितलं, त्यांनी नातवाला हाक मारली. नातवाकडून खांब तोडवून घेतले. मी विचारलं, किती दिवस ठेवू? म्हणाले, "आरामथी, बेटा. केळीला तिचं काम करू दे." येताना बसमध्ये त्या खांबांना धरून मी रडले. शेजारच्या बाईने विचारलं, घरी सत्यनारायण आहे का?

तेव्हापासून हेच चाललंय. आता गल्लीला पुन्हा वास येतो आणि या वेळी आई नाकाला पदर लावत नाही.

गेल्या मंगळवारी मी बूट घालत असताना ती म्हणाली, "हात जड पडी ऱ्हायना." माझा हात सवयीने मशीनच्या कपाटाकडे गेला. मग मी बूट काढले, रिक्षा बोलावली, तिला दवाखान्यात नेलं. काही निघालं नाही. रोज बादल्या उचलून स्नायू दुखावलाय. परत येताना मला रागावत होती, "उगाच रजा वाया गयी." मी म्हणाले, जाऊ दे.

तळ्याचं पाणी आता तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सात पॉइंट सहावर होतं. आज सकाळी मी आईला बोलावलं. तिने काठावर बसून पाण्यात हात घातला. बोटं चोळली नाहीत, नुसता हात ठेवून बसली, तुम्ही पडला होतात त्याच जागी. कितीतरी वेळ. मग म्हणाली, "अजून नही."

मी मीटर बंद करून डबीत ठेवला आणि पाणी उपसायला घेतलं.

पुन्हा भरेन, नाना. पुन्हा खांब आणेन. चार वेळा, चौदा वेळा, कितीही. आई हात घालून "आता सोड" म्हणेपर्यंत या पाण्यात मासा सोडणार नाही. आणि ती कधीच म्हणाली नाही, तर तळं तसंच भरून ठेवेन आणि रोज तिला विचारेन.

तुमची,
वंदू