तुम्ही केलेलं भाषांतर

दुभाषीताई,

परवा कोर्टात मी म्हणाले, "नवऱ्याने माझा गळा आवळला." तुम्ही न्यायाधीशांना त्यांच्या भाषेत सांगितलंत, "त्याने गळ्याला हात लावला." तेवढी भाषा मला आता कळते. म्हणून मी माझाच गळा आवळून दाखवला. नवऱ्याने माझ्या आसपासही फिरकायचं नाही, असा हुकूम निघाला. "संसार मोडलास," तुम्ही पुटपुटलात.

आज सासूबाईंचा भारतातून फोन आला. माझा नवा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. आपल्या माणसांत तो फक्त तुम्हालाच ठाऊक होता, कोर्टाच्या कागदांवरून.

आता तुम्ही दार वाजवताय. पोलीस निघालेत. तोवर हात कामात राहावेत म्हणून हे लिहितेय, तुम्हाला द्यायला नव्हे.

"उघड गं, मी एकटीच आलेय," तुम्ही म्हणताय.

एकट्याच आलात का, हे मी विचारलंच नव्हतं.

कडी लावून बसलेली,
मी